व्यंकोजीराजांचे औदासीन्य आणि आपण

तंजावरास बदली होऊन येणाऱ्या मराठी अधिकाऱ्यास पहिल्या महिन्यातच तीन गोष्टी आवर्जून दाखविण्यात येतात: मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख, राजवाड्यातील दरबार, आणि सरस्वती महालातील मोडी कागदपत्रे. हे पाहून तो हरखतो. घरच्या मंडळींस छायाचित्रे धाडतो. आपण परमुलखात आलो नसून आपल्याच पूर्वजांच्या जुन्या वाड्यात उतरलो आहोत, असे त्यास काही दिवस वाटत राहते. ते दिवस सरल्यावर पुष्कळांची जी अवस्था होते, तिच्याविषयी बोलणारा एक चौथा कागद आहे, आणि तोही तंजावरशीच निगडित आहे. परंतु तो सहसा कोणी दाखवीत नाही, आणि दाखविलाच तर अर्धा झाकून दाखवितात. शिवाजीमहाराजांनी तंजावरच्या व्यंकोजीराजांस लिहिलेले पत्र, तो हा कागद.

एका मंडळाच्या शिवजयंतीच्या सभेत या पत्राचा उल्लेख झाला, आणि तो ज्या रीतीने झाला त्यामुळेच हा लेख लिहिण्याची पाळी आम्हांवर आली आहे. वक्ते वयाने व अधिकाराने मोठे. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, हल्लीच्या तरुण अधिकाऱ्यांनी नैराश्य नावाचे एक नवे सोंग आणले आहे. आपल्या पूर्वजांस हा रोग ठाऊक नव्हता. आणि एकट्या व्यंकोजीराजांस तो जडला तेव्हा महाराजांनी त्यावरचा उतारा साडेतीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवला आहे. तो उतारा म्हणजे, ऊठ आणि कामास लाग. यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी मात्र टाळी वाजविली नाही. ते पाच महिन्यांपासून आमच्याकडे उपचारासाठी येत होते, ही गोष्ट त्या सभागृहात आम्हां दोघांवाचून कोणासच ठाऊक नव्हती. सभा संपल्यावर ते चहास थांबले नाहीत, आणि पुढील भेटीच्या दिवशी आमच्याकडे आलेही नाहीत.

त्या गृहस्थांची हकीकत आम्ही त्यांच्या संमतीने आणि ओळखीच्या खुणा बदलून पुढे सांगणारच आहोत. तत्पूर्वी पत्राकडे वळू.

व्यंकोजीराजे हे शहाजीराजांस तुकाबाईंपासून झालेले पुत्र, म्हणजे महाराजांचे सावत्र बंधू. १६७५-७६ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतले. १६७७ साली महाराज दक्षिणेत उतरले. कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमलवाडीस भावाभावांची भेट झाली, वडिलार्जित दौलतीच्या वाटणीवरून बोलणे फिसकटले, आणि व्यंकोजीराजे रातोरात तंजावरास निघून गेले. पुढे लढाई झाली, व्यंकोजीराजांचा पराभव झाला आणि अखेर तह झाला. तहानंतर त्यांचे मन राज्यकारभारातून उडाले. रघुनाथपंत हणमंते यांनी ही वार्ता महाराजांस कळविली आणि महाराजांनी धाकट्या भावास पत्र लिहिले.

त्या पत्राचा आशय असा आहे. बहुत दिवस तुमचे पत्र नाही, म्हणून आमच्या जिवास स्वस्थता नाही, हे आरंभीच येते. मग रघुनाथपंतांनी कळविलेली हकीकत येते: तुम्ही विषण्ण होऊन बसला आहात, शरीराची निगा राखीत नाही, सणवार पूर्वीसारखे करीत नाही, फौज रिकामी बसली आहे, कारभारात लक्ष नाही, वैराग्य पत्करून एखाद्या तीर्थाच्या ठिकाणी बसून काळ घालवावा एवढेच तुमच्या मनात आहे. त्यानंतर वडिलांनी सोसलेल्या संकटांची आठवण आहे. रघुनाथपंत जवळ आहेत, ते आमच्याच ठिकाणी आहेत असे समजून त्यांच्याशी सल्लामसलत करा, असे सांगितले आहे. आणि शेवटी, वैराग्याचे दिवस उतारवयात येतील, आता पराक्रम करून दाखवा, अशी दटावणी आहे.

पत्रावरून रोगाचे निदान करावे, आणि तेही तीन शतके उलटून गेल्यावर, हा आमचा व्यवसाय नव्हे. परंतु पत्र लिहिणाऱ्याची नजर पाहण्यासारखी आहे. आमच्या विषयाच्या नवशिक्या विद्यार्थ्यास रोग्यापाशी कोणती चौकशी करावी हे शिकविताना जी यादी देतात ती हीच: अंगाची निगा, खाणेपिणे, माणसांत मिसळणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस, कामातील लक्ष. दोन आठवड्यांहून अधिक काळ या गोष्टी बहुतेक दिवस ढळलेल्या दिसल्या, झोप बिघडली, आपण निरुपयोगी आहोत असा विचार घर करू लागला, तर तो स्वभावाचा दोष न समजता आजार समजावा आणि तज्ज्ञास दाखवावे, असे आजचे वैद्यक सांगते. तेव्हा पूर्वजांस हा रोग ठाऊक नव्हता हे वक्त्यांचे पहिले विधान त्यांनीच हाती घेतलेल्या पत्राने खोटे ठरते.

आता दुसरे विधान, उताऱ्याविषयीचे. पत्रातील गोष्टी क्रमाने मोजाव्या. भावाचे पत्र आले नाही हे भावाच्या ध्यानात आले, ही पहिली. जवळ असलेल्या माणसाने ती गोष्ट दूरच्या आप्तास कळविली, ही दुसरी. काय बिघडले आहे ते आडपडदा न ठेवता लिहिले गेले, ही तिसरी. ज्याच्याशी मोकळेपणाने बोलावे असा एक माणूस जागेवरच नेमून दिला, ही चौथी. आणि दटावणी ही पाचवी. आमच्या सभासंमेलनांतून या पाचांपैकी पाचवी तेवढी उचलली जाते आणि पहिल्या चार सोडून दिल्या जातात. ज्याने भावास एक पत्रही लिहिले नाही, ज्याने चार महिने सहकाऱ्याचे दार ठोठावले नाही, त्यास महाराजांच्या दटावणीचा आधार घेण्याचा अधिकार कोठून आला? दटावणीचा हक्क काळजीतून उत्पन्न होतो. काळजी केलीच नसेल तर उरतो तो केवळ दरडावण्याचा आवाज.

याहूनही स्पष्ट बोलावयाचे तर, त्या पाचव्या गोष्टीविषयीही आज आम्हांस अधिक कळलेले आहे. महाराज वडील बंधू होते, राजे होते, आणि मनाच्या रोगांचे जे ज्ञान आज उपलब्ध आहे ते त्यांच्या काळी जगात कोणापाशीच नव्हते. वडिलांनी केवढे सोसले पाहा, ही आठवण निरोगी मनास चेतविते. आजारी मन मात्र तिचा उपयोग स्वतःवरील आरोपपत्रात आणखी एक कलम वाढविण्याकडे करते. त्यांनी एवढे केले आणि माझ्याने अंथरुणातून उठवत नाही, तेव्हा मी त्यांच्या कुळास कलंक आहे, असे ते ऐकते. कामाने मन सावरते यात तथ्य आहे, आणि ते आमच्या शास्त्रानेही मान्य केले आहे. उत्साह येण्याची वाट न पाहता लहान लहान कृती ठरवून करणे ही खिन्नतेवरील एक सिद्ध उपचारपद्धती आहे. परंतु तीत पहिल्या दिवशी गड सर करावयाचा नसतो. आज स्नान करून शिवगंगा उद्यानापर्यंत दहा मिनिटे चालून यावयाचे, उद्या एका मित्रास फोन करावयाचा, परवा कचेरीतील एकच कागद हातावेगळा करावयाचा, एवढ्या मापाने ती चालते. माप रोग्याच्या शक्तीचे असते, आणि ते मोजताना कोणीतरी शेजारी बसलेले असते.

असो. आता त्या गृहस्थांची हकीकत. ते केंद्र सरकारच्या एका खात्यात मध्यम दर्जाचे अधिकारी. मुलाची दहावी असल्यामुळे कुटुंब पुण्यास राहिले आणि ते एकटेच इकडे आले. पहिल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी नाटकात काम केले, आरतीचा ताशाही वाजविला. दुसऱ्या वर्षी ते फिरकले नाहीत. कोजागिरीस आले नाहीत, दिवाळीच्या फराळास आले नाहीत. आम्ही त्या वेळी मंडळाच्या कार्यकारिणीवर होतो. वर्षअखेर हिशेब करताना त्यांची वर्गणी थकलेली आढळली, आणि नियमाप्रमाणे आम्ही आमच्या सहीने त्यांस स्मरणपत्र पाठविले. त्यात थकबाकीचा आकडा अचूक होता. ते का येत नाहीत, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. मनाचे आजार ओळखणे हा ज्याचा व्यवसाय, त्याच्या हातून हे घडले, हे आम्ही येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

ज्याच्या ध्यानात आले तो होता त्यांच्या कचेरीतला एक तमिळ शिपाई. साहेबांचा डबा दुपारी न उघडता परत जातो, साहेब एकच कागद तासभर हातात धरून बसतात, आणि संध्याकाळी सर्व गेल्यावरही दिवा न लावता बसून राहतात, हे त्याने पाहिले. त्यास इंग्रजी बेताचे आणि साहेबांस तमिळ त्याहून बेताचे. त्याने ओळखीच्या एका परिचारिकेस विचारून आमचा पत्ता मिळविला आणि एके दिवशी साहेबांस रिक्षात घालून तो घेऊन आला. दारात उभा राहून त्याने एकच वाक्य सांगितले: ऐयावुक्कु मनसु सरियिल्लै. म्हणजे, साहेबांचे मन बरे नाही. साहेबांस वेड लागले असे तो म्हणाला नाही, किंवा ते खचले, भित्रे निघाले असेही त्याने म्हटले नाही. अंग बरे नाही असे जितक्या साधेपणाने म्हणावे तितक्या साधेपणाने त्याने ते सांगितले आणि तो बाहेर बाकावर बसून राहिला. व्यंकोजीराजांच्या गोष्टीतील रघुनाथपंतांचे काम या शिपायाने केले. आम्ही मराठी मंडळींनी वर्गणीची मागणी केली.

अशी उदाहरणे विरळ आहेत असे कोणी समजू नये. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बारा राज्यांत झाले. त्यांत तमिळनाडू होते. त्या सर्वेक्षणाप्रमाणे प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने ग्रस्त होते, आणि खिन्नता, चिंता यांसारख्या सामान्य आजारांच्या रोग्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांस उपचार मिळत नव्हते. शंभर सभासदांच्या मंडळात दहा माणसे अशी असावीत आणि त्यांतील आठ-नऊ जणांनी कोणासच काही सांगितलेले नसावे, असा याचा ढोबळ अर्थ. पुढच्या सभेत टाळ्या वाजविण्यापूर्वी रांगेतील माणसे मोजून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.

बदलीच्या नोकरीत या आजारास खतपाणी अधिक मिळते. जुने मित्र तुटतात, नवे जोडण्यापूर्वी पुन्हा हुकूम येतो. अधिकारपदामुळे कनिष्ठांशी मन मोकळे करता येत नाही आणि वरिष्ठांशी करण्याची सोय नसते. दुःख सांगावयाचे तर ते आईच्या भाषेत. जीव कोंडल्यासारखा होतो, कशातच राम वाटत नाही, ही वाक्ये इंग्रजीत नेली की त्यांचा टेन्शन हा एकच शब्द होतो. मग मनाचे दुखणे शरीराची वाट धरते. आमच्याकडे येणारे पुष्कळ लोक आधी छातीच्या धडधडीसाठी हृदयाचा आलेख काढून आलेले असतात, पोटासाठी दुर्बिणीतून तपासून घेतलेले असतात, आणि सर्व अहवाल निर्दोष निघाल्यामुळे अधिकच घाबरलेले असतात. काहींनी औषधाच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या सुरू केलेल्या असतात, काहींनी रात्रीचा पेला. मनोविकारतज्ज्ञाने दिलेल्या औषधाची सवय लागेल अशी भीती बाळगणारा मनुष्य ज्यांची खरोखर सवय लागते त्या दोन वस्तू बिनदिक्कत घेत असतो, हा विरोध आम्ही रोज पाहतो. खिन्नतेवरील औषधांचा गुण येण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने घ्यावी लागतात, आणि ती वैद्याच्या सल्ल्यावाचून एकाएकी सोडू नयेत. परंतु झोपेच्या गोळ्यांसारखी त्यांची चटक लागत नाही.

आणि अधिकाऱ्याच्या घरात अधिकारी एकटाच नसतो. पुण्यास किंवा नागपुरास शाळेत शिकविणारी, पतीच्या बदलीपायी नोकरी सोडून आलेली पत्नी दिवसभर ज्या घरात असते तेथे भाजीवाल्यापलीकडे तिच्याशी बोलणारे कोणी नसते. आणि भाजीवाल्याशीही ती बोटांच्या खुणांनी बोलते. गावाकडचे घर मिटवून सोबत आणलेली वृद्ध आई गच्चीच्या कठड्यापाशी खुर्ची टाकून बसते. तिचे जेवण कमी झाले की वय झाले असे म्हणतात. वयाबरोबर भूक थोडी मंदावते हे खरे, परंतु जगण्यातला रस आटणे हा वार्धक्याचा नियम नव्हे. ह्या दोघी मंडळाच्या यादीत सभासद म्हणूनही नसतात. सभासद तो, ह्या कुटुंबीय.

यावर आमचे अधिकारी मित्र म्हणतील की, हे सर्व खरे, परंतु तुम्हांस नोकरी ठाऊक नाही. वार्षिक अहवालात प्रकृतीचा रकाना असतो. एकदा तेथे शाईचा डाग पडला की बढती गेली. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि कायद्याने काय दिले आहे हे कायद्याच्या अंमलबजावणीत हयात घालविणाऱ्यांनीच वाचू नये, याचे आम्हांस नवल वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यावर बंधनकारक केले आहे. त्याच कायद्याने विमा कंपन्यांस मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजाराच्याच धर्तीवर देण्यास बांधले आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कोणास काढू नये किंवा खालच्या पदावर उतरवू नये, असे त्यात म्हटले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मानसिक अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्यावर त्याच्या आजाराशी निगडित वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे सांगितले. अर्थात बहुतेकांवर या कलमांपर्यंत जाण्याची वेळच येत नाही. विषमज्वरास जशी वैद्यकीय रजा घेतात तशी काही आठवड्यांची रजा आणि नियमित उपचार एवढ्याने पुष्कळांचे काम भागते. आजार लपविल्याने मात्र फायली तुंबतात, चिडचिड वाढते, गैरहजेरी वाढते. आणि ज्या रकान्याच्या धास्तीने लपविले त्याच्या शेजारचे सगळे रकाने खराब होतात.

दुसरे मित्र म्हणतील, आम्हांस वैद्याची गरज नाही, आमच्यापाशी मनाचे श्लोक आहेत. समर्थांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे, आणि त्यांच्या संप्रदायाचा मठ या तंजावरातही आहे. परंतु त्या २०५ श्लोकांत माणूस बोलतो तो स्वतःच्या मनाशी. दुसऱ्याच्या मनावर हाणण्यासाठी त्यांची काठी करावी, असे त्यांत कोठेही सुचविलेले नाही. भक्तीने आणि नामस्मरणाने अनेकांस धीर येतो. तो आमच्या उपचारास पूरकच असतो. येथून जवळ, तिरुचिरापल्लीच्या बाजूस, गुणशीलम येथे प्रसन्न वेंकटाचलपतीचे देवालय आहे. मनाच्या रोग्यांस तेथे ४८ दिवस ठेवून देवाची सेवा करविण्याची परंपरा आहे, आणि आता त्याच्याच जोडीला मनोविकारतज्ज्ञाच्या तपासणीची सोय झालेली आहे. देव आणि वैद्य एका आवारात नांदू शकतात याचे हे उदाहरण. रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे जे झाले ते याच्या उलट. श्रद्धेने आणलेल्या रोग्यांस तेथील एका खाजगी आश्रयस्थानात साखळदंडांनी बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तेथे आग लागली आणि पळता न आल्यामुळे २८ जण मृत्युमुखी पडले. साखळदंड घालणे आता कायद्याने निषिद्ध आहे. परंतु लोक काय म्हणतील या भीतीने घरातील माणसास दाराआड ठेवणारी साखळी आपल्या सुशिक्षित घरांतूनही अद्याप तुटलेली नाही.

याच तंजावरच्या राजवाड्यात या लपवाछपवीस उत्तर देऊन ठेवलेले आहे. १७९८ ते १८३२ या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारला. तेथे देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही वैद्यकांचा अभ्यास होत असे. नेत्ररोग्यांच्या तक्रारी, त्यांच्या डोळ्यांची हाताने काढलेली चित्रे आणि केलेले उपचार यांच्या नोंदी सरस्वती महालात आजही जतन केलेल्या आहेत. दुखणारा डोळा चित्रकाराकडून जसाच्या तसा काढवून घेण्यात त्या मराठी राजास कमीपणा वाटला नाही. रोग नीट पाहावा, त्याचे नाव घ्यावे, तो लिहून ठेवावा आणि ज्या शास्त्रात उपाय असेल त्यातून तो करावा, ही त्या घराण्याची रीत. ग्रंथालय दाखविणाऱ्यांनी मोडी कागदांबरोबर ही गोष्टही पाहुण्यांस सांगावी.

आता मंडळांनी काय करावे? आमच्या मागण्या फार नाहीत आणि त्यांस खर्चही नाही. नवे कुटुंब आले की पहिल्या महिन्यात मंडळाच्या दोन माणसांनी, शक्य तर पतिपत्नींनी, त्यांच्या घरी जावे. वर्गणीचे पावतीपुस्तक बरोबर नेऊ नये. लागोपाठ दोन कार्यक्रमांस जो आला नाही त्यास स्मरणपत्र धाडण्यापूर्वी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन यावे. गेल्यावर उपदेश करू नये. काय झाले एवढे विचारावे आणि गप्प बसून ऐकावे. जगणे नकोसे झाले आहे असे बोलण्यात आले तर विषय बदलू नये. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार नव्याने उत्पन्न होतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने माणसास बोलण्याची वाट सापडते. अशा वेळी त्यास एकटे सोडू नये, घरच्यांस कळवावे आणि त्याच दिवशी वैद्याकडे न्यावे. त्यासाठी पोलिसांचा धाक बाळगण्याचे कारण नाही: आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच २०१७ चा कायदा गृहीत धरतो, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य मानतो.

उपचार कोठे मिळतात हेही मंडळाच्या फलकावर लिहिलेले असावे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. चेन्नईत आत्महत्याप्रतिबंधाचे कार्य करणारी स्नेहा ही संस्था १९८६ पासून आहे. मराठीतून बोलावयाचे असेल तर ठाण्याची मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून हेच काम करीत आहे. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, आणि तीत मराठीची सोय आहे. उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत देणगीदारांच्या नावांस दोन पाने लागतात. या पाच अंकांस अर्धी ओळ पुरेल.

राहता राहिली त्या गृहस्थांची गोष्ट. त्या सभेनंतर सहा आठवडे ते आमच्याकडे आले नाहीत. आम्ही वाट पाहिली नाही; एकदा हातून झालेली चूक दुसऱ्यांदा करावयाची नव्हती. आम्ही फोन केला, त्यांनी तो उचलला नाही. मग चिठ्ठी पाठविली. तीत उपदेशाचा शब्द नव्हता. बरेच दिवसांत भेट नाही म्हणून चैन पडत नाही, एवढेच लिहिले होते. हे वाक्य आम्ही कोणापासून शिकलो ते वाचकांस सांगावयास नको. सातव्या आठवड्यात ते आले. बरोबर तोच शिपाई होता, आणि तो पूर्वीसारखाच बाहेरच्या बाकावर बसला. गृहस्थ म्हणाले, त्या दिवशी टाळ्या पडल्या तेव्हा या सभागृहात आपण एकटेच भेकड आहोत असे वाटले. आम्ही त्यांस विचारले, टाळ्या न वाजविणारे आणखी कोणी होते काय, हे तुम्ही पाहिलेत का? ते म्हणाले, मान वर केली नाही.

पुढील शिवजयंतीस हे पत्र कोणी वाचणार असेल तर त्यांनी ते आरंभापासून वाचावे. पहिले वाक्य झाल्यावर क्षणभर थांबावे, आणि कोणाची खुर्ची रिकामी आहे, कोण मान खाली घालून बसले आहे, ते पाहावे. सभा संपल्यावर त्या माणसाच्या घरी जावे. दटावणीचा भाग वाचावयाचा राहून गेला तरी चालेल.